ट्रस्टी होऊन तीन वर्षं झाली : ज्येष्ठांना आपल्याच घरी राहता यावं म्हणून चालणाऱ्या संस्थेत बोर्ड नक्की काय करतं

उंबरठा

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, परवाची मिटिंग झाली आणि म्हटलं आता लिहूनच टाकावं. आमची संस्था छोटी आहे. वय झालं तरी ज्यांना स्वतःच्या घरातच राहायचंय अशा लोकांना दवाखान्यात नेणं-आणणं, सामान आणून देणं, बल्ब बदलणं, रोज सकाळी फोन करून विचारपूस, फॉर्म भरायला मदत, असली कामं आमचे व्हॉलंटियर करतात. पगारी माणूस एकच, कोऑर्डिनेटर. बाकी सगळे बिनपगारी, बोर्डसुद्धा.

मी आधी दीड वर्ष गाडीवर होते, म्हणजे आजी-आजोबांना डॉक्टरकडे नेऊन आणायचं. मग एकदा विचारलं की बोर्डवर येता का, एक जागा रिकामी आहे. मला वाटलं तेच काम जरा मोठ्या प्रमाणावर करायचं असेल. तसं नसतं हो. गाडीवर असताना संध्याकाळी घरी आल्यावर आज काय केलं ते सांगता यायचं. बोर्डवर आल्यावर पहिले सहा महिने मला कळतच नव्हतं की मी करतेय काय.

पहिल्या मिटिंगमध्ये माहितीपत्रकाच्या रंगावर पाऊण तास चर्चा झाली आणि इन्शुरन्सचं नूतनीकरण दोन मिनिटांत मंजूर झालं. मी नवीन म्हणून गप्प बसले. पण घरी येऊन ती पॉलिसी वाचली तर व्हॉलंटियर स्वतःच्या गाडीतून कुणाला नेतो तेव्हा अपघात झाला तर काय, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. आणि आमचं निम्म्याच्या वर काम म्हणजे तेच! मी स्वतः दीड वर्ष तशी फिरले होते. पुढच्या मिटिंगला विचारलं, थोडी कुरबुर झाली, पण तीन महिन्यांत नवीन पॉलिसी आली. बोर्डाचं काम काय असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कुणाच्या लक्षातही येत नाही आणि कुणी थँक्यूही म्हणत नाही असं काम.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि ती सांगायला मला जड जातंय.

आमच्या एका सभासदांचं (सेवा घेणाऱ्यांना आम्ही सभासद म्हणतो), वय ८४, निवृत्त शिक्षक, एकटे राहतात, बाथरूममध्ये दोनदा पडणं झालं. दुसऱ्या वेळी व्हॉलंटियर सोबत होता म्हणून लगेच उचललं. तो व्हॉलंटियर घाबरला, साहजिक आहे. विषय बोर्डापुढे आला, नावासकट आला (हे पण चुकलंच, नाव आमच्यापर्यंत यायची काहीच गरज नव्हती). एक ट्रस्टी म्हणाले, नियमच करू, सहा महिन्यांत दोनदा पडलेल्या सभासदाला घरच्यांचं पत्र आणावं लागेल की आम्हाला कल्पना आहे आणि आमची हरकत नाही, तोपर्यंत सेवा थांबवायची. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, मी हात वर केला. जबाबदारीचा निर्णय घेतला असं वाटून घरी आले.

चार महिन्यांनी कोऑर्डिनेटर सहज त्यांच्याकडे गेली तर कोपरापासून मनगटापर्यंत काळंनिळं. तिने खोदून विचारल्यावर सांगितलं की तीन आठवड्यांपूर्वी पडलो होतो, पहाटे, दोन-अडीच तास फरशीवर होतो, मग सरकत सरकत पलंगापाशी आलो. कुणाला सांगितलं नाही. का, तर तुमचं पत्र आलं होतं ना नियमाचं. परत पडलो म्हणून कळवलं असतं तर गाडी बंद झाली असती, गाडी बंद म्हणजे डोळ्यांचं इंजेक्शन बंद.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या नियमाने ते पडायचे थांबले नव्हते, फक्त सांगायचे थांबले होते. आणि त्या पूर्ण चर्चेत, चाळीस मिनिटं चालली होती, आम्हा नऊ जणांपैकी एकानेही विचारलं नव्हतं की अरे, त्यांना विचारलंय का कुणी?

तो नियम आम्ही रद्द केला. त्यानंतर काय केलं ते पुढे लिहिते, मोठं होतंय. तुमच्यापैकी कुणी अशा संस्थेत बोर्डवर असाल तर लिहा प्लीज.

पायवाट

वाचून गलबलून आलं. डोळ्यांचं इंजेक्शन बंद होईल म्हणून माणूस पडल्याचं लपवतो.
मलाही अशाच एका संस्थेने बोर्डवर बोलावलंय, हो म्हणू का नको ठरत नाहीये. ताई, पुढचं नक्की लिहा.

हिशोबवही

मी एका अशाच संस्थेत सात वर्षं खजिनदार आहे (दुसरी संस्था, पण काम तेच) म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो, कारण भावनेच्या भरात हे मागे पडतं आणि मग संस्थाच बंद पडते.

ही कल्पना नवीन नाही. न्यूयॉर्कमध्ये पेन साउथ नावाची सहकारी वसाहत आहे, २,८०० च्या वर घरं, तिथले रहिवासी तिथेच राहता राहता म्हातारे झाले, तेव्हा १९८६ मध्ये त्यांनी वसाहतीतच नर्स, सोशल वर्कर वगैरे सोय उभी केली. बॉस्टनच्या बीकन हिल भागातल्या लोकांनी २००२ मध्ये आपली सभासदांची संस्था सुरू केली, वर्गणी भरायची आणि एक फोन केला की मदत मिळते, हे मॉडेल पुढे खूप ठिकाणी गेलं, इतकं की २०१० मध्ये अशा संस्थांचं एक नेटवर्कच तयार झालं. दोन्हीकडे सुरुवात त्याच लोकांनी केली ज्यांना स्वतःला तिथे म्हातारं व्हायचं होतं. बाहेरून कुणी येऊन उपकार म्हणून केलेलं नाही. हे मी नव्या ट्रस्टींना पहिल्या दिवशी सांगतो.

आता पैसे. नुसत्या वर्गणीवर भागत नाही, आमचं तरी कधीच भागलं नाही. देणगीदाराला गाडी द्यायला आवडते, गाडीवर नाव लिहिता येतं. पण गाडी कोण कुठे कधी नेणार हे ठरवणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या पगाराला पैसे द्यायला कुणी पटकन तयार होत नाही, आणि ती गेली की गाडी उभी. आमची एक काम सोडून गेली तेव्हा सगळी माहिती तिच्या डोक्यात आणि तिच्या फोनमध्ये होती, कुणाच्या घराची किल्ली कुठल्या शेजाऱ्याकडे आहे इथपर्यंत. दोन महिने आम्ही अक्षरशः अंधारात होतो. तेव्हापासून नियम, की कोऑर्डिनेटर दोन आठवडे रजेवर गेली तर काम चाललं पाहिजे इतकं लिहून ठेवलेलं हवं आणि निदान काही महिन्यांचा खर्च बाजूला हवा ज्याला हात लावायचा तर बोर्डाचा ठराव लागेल.

बँकेचं स्टेटमेंट खजिनदार सोडून दुसऱ्या कुणीतरी दर महिन्याला बघायचं. मी स्वतः खजिनदार असून हे लावून धरलं, लोक म्हणाले तुमच्यावर विश्वास आहे की. तो प्रश्नच नाही ना.

अजून एक. ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांना आम्ही माफ करतो, पण कुणाला माफ आहे हे फक्त कोऑर्डिनेटर आणि मला माहिती. व्हॉलंटियरला नाही, बाकीच्या बोर्डालाही नाही. कारण एकदा कळलं की नकळत वागण्यात फरक पडतो, मी पाहिलंय.

निळीशाई

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे वयामुळे किंवा आजारामुळे अडलेली रोजची कामं माणसाला जमावीत म्हणून मदत करते, सोळा वर्षं घरोघरी जाऊन बघते. पडण्याबद्दल थोडं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६,८४,००० लोक पडण्यामुळे दगावतात आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढचे. म्हणजे तुमच्या बोर्डाची भीती खोटी नव्हती. पण पडण्याइतकंच घातक असतं ते पडून राहणं. तासाभराच्या वर माणूस फरशीवर राहिला की स्नायूंना इजा, अंगातलं पाणी कमी होणं, त्वचेवर जखमा, सगळं सुरू होतं. म्हणून पडल्यावर कळवायला भीती वाटेल असा कुठलाही नियम हा उलटाच.

ब्रिटनमध्ये नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा एक अभ्यास झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकटे असताना पडलेले आणि ज्यांच्याकडे मदतीला बोलवायचं बटण होतं, त्यांच्यातल्या जवळपास ८० टक्के लोकांनी ते दाबलंच नाही! मला यात आश्चर्य वाटलं नाही. मी ज्या घरांत जाते तिथे बटण खुंटीला लटकलेलं असतं, किंवा माणूस म्हणतो मला वाटलं मीच उठेन, किंवा म्हणतो उगाच सगळे धावत येतील आणि मग मला इथे राहू देणार नाहीत. शेवटचं कारण लोक सगळ्यात शेवटी सांगतात, विश्वास बसल्यावर.

तुमच्या गुरुजींच्या बाथरूमला आधाराचा दांडा होता का? असला तर कसला? व्हॅक्यूमने चिकटवायचे मिळतात ते अंगाचा भार पेलायला नसतात, आणि टॉवेलच्या दांडीला धरून उठणारे तर मी रोज बघते. दांडा भिंतीत पक्का बसवायचा आणि कुठे बसवायचा ते त्या माणसाला प्रत्यक्ष उठायला-बसायला सांगून, त्याचा हात आपोआप कुठे जातो ते बघून. पलंग ते संडास या वाटेवर रात्री उजेड. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना परत दाखवून घेणं. पायऱ्यांऐवजी उतार (रॅम्प) करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, लोक तीन फुटांत बसवतात आणि मग त्यावरूनच घसरतात.

कंदील

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

मी मुलगी आहे. वडील एकटे राहतात, मी दुसऱ्या देशात. अशाच एका संस्थेचे सभासद आहेत ते. तुम्ही सगळे लिहिताय की त्यांना विचारा, त्यांचा निर्णय. ठीक आहे. पण रात्री अडीचला फोन मला येतो. तिकीट मला काढावं लागतं. वडील "मी एकदम ठणठणीत" म्हणतात आणि तीन दिवसांनी शेजारच्या काकू सांगतात की गॅस चालूच राहिला होता. संस्थेला विचारलं तर म्हणाले सभासदाच्या परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. म्हणजे मी कोण? तुमच्या त्या नियमातलं घरच्यांचं पत्र, मला तर ते वाचून बरं वाटलं होतं, की चला कुणीतरी घरच्यांना विचारतंय.

उंबरठा

कंदील, राग कसला, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्या बोर्डात दोघी जणी नेमक्या तुमच्या जागी आहेत आणि त्या नियमाच्या बाजूने सगळ्यात पोटतिडकीने त्याच बोलल्या होत्या.

आता आम्ही काय करतो ते सांगते. सभासद होताना, म्हणजे सगळं ठीक चालू असतानाच, कोऑर्डिनेटर घरी जाऊन निवांत बसते आणि तीन गोष्टी विचारते. तुम्हाला या घरात राहून काय काय करत राहायचंय. काय झालं तर तुम्हाला स्वतःला वाटेल की आता असं चालणार नाही. आणि तसं काही व्हायला लागलं तर आम्ही कुणाला सांगायचं, किती सांगायचं. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची, सही त्यांची, दरवर्षी परत विचारायचं. घरच्यांना ते आधीच दाखवलेलं असतं. त्यामुळे वडिलांच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही ही अडचण प्रसंग आल्यावर उभी राहत नाही, परवानगी आधीच घेतलेली असते, किंवा नाही म्हणालेले असतात तर तेही मुलांना आधी माहीत असतं.

एका आजींनी लिहून दिलंय की गॅस दोनदा चालू राहिला तर माझ्या भाच्याला सांगा, मुलाला नको, तो घाबरतो. आम्हाला बोर्डात बसून सात जन्मांत हे सुचलं नसतं.

तुम्ही वडिलांच्या संस्थेला विचारून बघा असं काही करता येईल का. वडिलांसमोर, त्यांना सोबत घेऊन.

खिडकीपाशी

नमस्कार. मी ७९ वर्षांची आहे. अशा एका संस्थेची सभासद आहे, बोर्डवर नाही. मोबाईलवर टाईप करते आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

कंदील, तुझं वाचलं. माझी मुलगीही तुझ्यासारखीच आहे, आणि ती चूक नाहीये. पण तुला एक सांगते, आम्ही ठणठणीत आहोत असं का म्हणतो. मागे मी एकदा खरं सांगितलं की जिन्यात चक्कर आली होती. त्यानंतर आठ दिवस घरात फक्त माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं, माझ्याशी नाही. मी त्याच खोलीत बसलेली. कुठे ठेवायचं, कोण बघणार, घर विकायचं का. तेव्हापासून मी विचार करून सांगते.

तू वडिलांना असं विचारून बघ की बाबा, गॅसचं काय करूया? तुम्ही एकटे कसे राहणार असं नको. पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येतं गं. दुसऱ्याला फक्त भांडता येतं.

आणि बोर्डवाल्यांना, तुम्ही आमच्यासाठी चांगलंच करता यात शंका नाही. पण तुमच्या नऊ जणांत संस्थेची सेवा घेणारे किती आहेत?

उंबरठा

आजी, तेव्हा एकही नव्हता. खरं तेच सांगते. सगळे पन्नाशी-साठीचे, धडधाकट, स्वतःची गाडी असणारे. आता दोन आहेत. त्यासाठी मिटिंगची वेळ संध्याकाळी सातवरून दुपारी तीनला आणावी लागली कारण अंधारात त्यांना बाहेर पडता येत नाही, कागद मोठ्या अक्षरांत आणि आठवडाभर आधी द्यावे लागतात, आणि माईक लागतो. नोकरी करणाऱ्या एका ट्रस्टींना दुपार जमेना, ते फोनवरून असतात. इतकं सोपं होतं ते आणि आठ वर्षं कुणी केलं नव्हतं.

हिशोबवही

हे माईकचं लिहून ठेवतो. आमच्याकडे एक काका दर मिटिंगला सगळ्याला हो म्हणायचे, नंतर कळलं त्यांना ऐकूच येत नव्हतं.

कंदील

आजी, दोनदा वाचलं. "माझ्याबद्दल, माझ्याशी नाही" हे वाचून थांबले. रविवारी बाबांशी बोलते.
पण एक शंका आहेच. विसरभोळेपणा वाढला, म्हणजे खरंच डिमेन्शिया वगैरे, तर? तेव्हा त्यांच्या निर्णयाला काय अर्थ?

निळीशाई

हा खरा अवघड भाग आहे आणि मी याला सरळ उत्तर आहे असं म्हणणार नाही. पण निदान झालं म्हणजे एका दिवसात सगळी निर्णयक्षमता गेली असं होत नाही. पैशाचा मोठा व्यवहार जमणार नाही पण आज आंघोळ कधी करायची, कुणी मदतीला आलेलं चालेल, कुठल्या खोलीत झोपायचं हे उत्तम ठरवता येतं. प्रत्येक निर्णयाचं वेगळं बघायचं. इंग्लंड आणि वेल्सचा २००५ चा मेंटल कपॅसिटी कायदा आहे त्यात तर स्पष्ट लिहिलंय की क्षमता आहे असंच धरून सुरुवात करायची, आणि निर्णय शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही. तो कायदा तिथला आहे, तुमच्याकडचा तुम्ही बघालच, पण विचार म्हणून मला तो फार उपयोगी पडतो.

जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग स्कूलमध्ये केपेबल नावाचा कार्यक्रम तयार झाला, त्यात चार-पाच महिने एक थेरपिस्ट, एक नर्स आणि एक दुरुस्ती करणारा माणूस असे तिघं घरी येतात. पण काय साधायचंय ते म्हातारा माणूस ठरवतो. कुणी म्हणतं मला जिना उतरून दारापर्यंत जायचंय, कुणी म्हणतं मला उभं राहून स्वयंपाक करायचाय. मग त्याला धरून कठडा, खुर्ची, औषधं, व्यायाम. लोकांची रोजची कामं सुधारतात असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. मी स्वतः हे बघितलंय की ज्याने स्वतः मागितला तो दांडा तो वापरतो, मुलाने बसवून दिलेल्यावर कपडे वाळत घालतो.

पायवाट

एक विचारू का, व्हॉलंटियरने कुठपर्यंत मदत करायची हे कसं ठरवता? मला ज्यांनी बोलावलंय तिथे म्हणाले "आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही", ते ऐकून मला आधी छान वाटलं आणि मग भीती वाटली.

उंबरठा

भीती वाटली ते बरोबर आहे पायवाट.

आम्ही निळीशाईंच्या व्यवसायातली एक जुनी विभागणी उचलली. अंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण भरवणं ही शरीराची कामं, कॅट्झ नावाच्या डॉक्टरांची १९६३ मधली यादी. आणि फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशाचा हिशोब ही घर चालवायची कामं, लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांची १९६९ ची. आमचे व्हॉलंटियर दुसऱ्या यादीतलं करतात, तेही पैसे आणि औषधं सोडून, म्हणजे आठवण करायची पण डबीतून गोळी काढून द्यायची नाही, बिल भरायला सोबत बसायचं पण चेकबुकला हात लावायचा नाही. पहिल्या यादीतलं प्रशिक्षित माणसानेच करायचं, तो शोधून द्यायला मदत करतो.

हे ठरवायला आम्हाला एक घटना घडावी लागली. आमच्या एका व्हॉलंटियर ताई, अतिशय प्रेमळ, एका आजींना आंघोळ घालायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आजींनी विनवलं आणि त्यांना नाही म्हणवेना. एकदा दोघी घसरल्या. आजींना फार लागलं नाही, ताईंच्या पाठीला कायमचं दुखणं लागलं. त्यांनी काम सोडलं आणि जाताना म्हणाल्या, मला कुणीतरी नाही म्हणायला शिकवायला हवं होतं. ते शिकवणं आमचं काम होतं, बोर्डाचं. व्हॉलंटियरला दारात उभं राहून एकटीने नाही म्हणावं लागू नये, "संस्थेचा नियम आहे हो आजी" एवढं म्हणता यावं, म्हणून नियम हवा.

मला कुणी विचारलं की मग तो पडण्याचा नियम वाईट आणि हा चांगला कसा, तर मी खूप विचार केलाय यावर. हा नियम आम्ही काय करू शकतो त्याबद्दल आहे. तो नियम त्यांनी कसं जगायचं याबद्दल होता. आता ठराव आला की मी वहीत समोर लिहिते, हा आपल्याबद्दल आहे का त्यांच्याबद्दल. त्यांच्याबद्दल असेल तर मत द्यायच्या आधी पुढच्या मिटिंगपर्यंत थांबा म्हणते आणि दहा-बारा सभासदांना फोन करतो. उशीर होतो, अध्यक्ष वैतागतात. होऊ दे उशीर.

हिशोबवही

पायवाट, हो म्हणायच्या आधी एवढं मागून घ्या आणि ते किती दिवसांत देतात ते बघा. संस्थेची घटना (नियमावली), मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब, इन्शुरन्सचा कागद, मागच्या सहा मिटिंगांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त. मिनिट्समध्ये कुणी कधी असहमती दाखवलेली दिसते का बघा, सगळे ठराव एकमताने असतील तर एकच माणूस संस्था चालवतोय असं समजा. ट्रस्टीची मुदत किती वर्षांची, संपल्यावर खरंच कुणी गेलंय का. व्हॉलंटियर घेताना चौकशी करतात का, कारण ते एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात जाणारेत. घरांच्या किल्ल्या कोण सांभाळतं, नोंद आहे का. भेटवस्तूंचं काय, मृत्युपत्रात एखाद्या व्हॉलंटियरचं नाव आलं तर काय करायचं हे लिहिलंय का (हे होतं, आमच्याकडे झालंय, आणि आधी लिहिलेलं असेल तर सगळ्यांची अब्रू वाचते). आणि तुमच्या ओळखीतल्या कुणाची रॅम्प बनवायची कंपनी वगैरे असेल तर ते आधीच सांगून टाका आणि त्या विषयाला बाहेर जाऊन बसा.

मागितल्यावर कुणी म्हणालं "एवढं कशाला, आपण सगळे घरचेच" तर दोनदा विचार करा.

खिडकीपाशी

आणि एखाद्या सभासदाच्या घरी जाऊन ये. बोर्डाच्या माणसाला बरोबर न घेता. अर्धा तास बस. संस्थेला फोन केला तर कोण उचलतं, किती वेळ लागतो, एवढंच विचार.

कंदील

रविवारी आम्ही दोघं बोललो. गॅसचं काय करूया असंच विचारलं, आजींनी सांगितलं तसं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मलाही भीती वाटते. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. आपोआप बंद होणारी शेगडी घ्यायचं ठरलंय, त्यांनीच दोन बघून ठेवल्या होत्या म्हणे, मला सांगितल्या नव्हत्या. संस्थेतून कुणीतरी येऊन तुमच्यासारखे ते तीन प्रश्न लिहून घेणार आहे, मी फोनवर असेन. कुणाला सांगायचं याचं उत्तर ते माझ्यासमोर देणार नाहीत असं म्हणालेत. चालेल.

पायवाट

मी कागद मागितले. हिशोब दुसऱ्या दिवशी मिळाले, मिनिट्स दहा दिवसांनी, किल्ल्यांची नोंद नाहीये. आणि आजी, तुम्ही म्हणालात तसा एका सभासद काकांकडे जाऊन आलो. अर्धा तास म्हणून गेलो, दोन तास बसलो. फोन कोण उचलतं विचारलं तर म्हणाले, सकाळी उचलतात, दुपारनंतर मशीन असतं, म्हणून मी दुपारनंतर काही होऊ नये असं बघतो.

हो म्हणालोय. पहिल्या मिटिंगला दोनच विषय मागितलेत, किल्ल्या आणि दुपारनंतरचा फोन.

उंबरठा

पायवाट, अभिनंदन! किल्ल्यांच्या नोंदवहीचा आमचा नमुना पाठवते, त्यात घराचा पत्ता किल्लीवर लिहायचा नाही, फक्त नंबर, आणि पत्त्यांची यादी वेगळ्या कुलपात.

गुरुजींबद्दल दोघा-तिघांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलंय. बरे आहेत. निळीशाई, त्यांच्याकडे दांडा होता, व्हॅक्यूमचाच, तुम्ही लिहिलंत त्यावरून दुसऱ्या दिवशी बघून घेतलं. आता भिंतीत पक्का बसवलाय, त्यांनी स्वतः खडूने खूण करून दिली कुठे हवा ते. गेल्या महिन्यात परत पडले, खोलीत, फार नाही लागलं. सात मिनिटांत फोन केला कोऑर्डिनेटरला.